आडोशाची पुळण असलेलं लहान किनारी गाव: जाण्याआधी काय तपासायचं, गेल्यावर काय पाहायचं

पायवाट (धागाकर्ता)

लहान किनारी गावांबद्दल जे लिहिलं जातं त्यात ‘शांत, उथळ, सुरक्षित’ हे तीन शब्द ठरलेले असतात. तिन्ही अर्धवट आहेत. पुळण (वाळूचा किनारा) आडोशाची आहे म्हणजे ती कुठल्या तरी ठरावीक दिशेपासून आडोशाला आहे. वाऱ्याने किंवा लाटेने दिशा बदलली की तोच किनारा उघडा पडतो. त्यामुळे ‘किनारा सुरक्षित आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘आज, या वाऱ्याला, भरतीच्या या तासाला सुरक्षित आहे का’ असं विचारायला हवं.

कुठे राहावं, काय खावं यासाठी इतर धागे आहेत. इथे किनारा वाचायचा कसा आणि गावात वावरायचं कसं, एवढंच लिहू या. आकडे असतील तर आकड्यांसकट लिहा.

नकाशे

निम्मं काम घरी बसून होतं. उपग्रह नकाशा उघडा आणि किनाऱ्याचा बाक शोधा. बाकाच्या दोन्ही टोकांना भूशिरं असतील. पुळणीच्या मध्यावर एक बिंदू धरा आणि तिथून दोन्ही भूशिरांच्या टोकांना चाटून जाणाऱ्या दोन रेघा समुद्रात ओढा. त्या दोन रेघांमधला कोन ही त्या किनाऱ्याची खिडकी. ती ४०-५० अंशांची असेल तर बाक चांगलाच बंदिस्त आहे. १२० अंशांच्या पुढे गेली तर ‘आडोशाची पुळण’ हे फक्त जाहिरातीपुरतं.

मग खिडकीतून समोर काय आहे ते बघा. समोर पाच किलोमीटरवर दुसरी जमीन असेल तर वारा कितीही सुटला तरी त्याला लाट वाढवायला पुरेसं पाणीच मिळत नाही. समोर शेकडो किलोमीटर मोकळा समुद्र असेल तर गोष्ट वेगळी. खिडकीच्या तोंडाशी बेट किंवा बुडालेला खडप असेल तर फायदाच, लाट बाहेरच फुटते.

आता हवामानाच्या अंदाजातली वाऱ्याची दिशा या खिडकीशी ताडून पाहा. अंदाजात ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा, पश्चिमेकडे जाणारा नव्हे. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो आणि सगळा हिशोब १८० अंशांनी चुकतो.

एक सोपी खूणही आहे. नकाशात होड्या वर ओढून ठेवलेल्या किंवा नांगरलेल्या कुठे दिसतात ते बघा. बाकाचा सगळ्यात निवांत कोपरा तोच. गावाने तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने निवडलेला असतो.

खारट

नकाशेराव, एक पुरवणी. होड्यांचा कोपरा सर्वांत निवांत असतो हे खरं, पण पोहायला तो सर्वांत चांगला असेलच असं नाही. जिथे लाटेचा जोर कमी तिथे बारीक कण खाली बसतात. बारीक वाळू (पाव मिलिमीटरच्या आतली) घट्ट आणि सपाट बसते, म्हणून असा किनारा दूरवर उथळ असतो. त्याहून निवांत जागी गाळच साचतो आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. जाड, रवाळ वाळू असेल तर उतार तीव्र समजा. तिथे चार पावलांत पाणी कमरेला लागतं आणि लाट थेट काठावर आपटते. चालत गेल्यावर पायाखालचा कण बघितला तरी पाण्याखालचा उतार कळतो.

दुसरं, फोटोंवर विसंबू नका. वादळी हंगामात मोठ्या लाटा पुळणीची वाळू ओढून समोरच्या बुडालेल्या वाळूच्या दांड्यावर (लांबट उंचवट्यावर) नेऊन टाकतात. किनारा अरुंद होतो, खालचे गोटे आणि कातळ उघडे पडतात. शांत हंगामात लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. फोटो शांत हंगामाच्या शेवटी, ओहोटीला काढलेला असतो आणि तुम्ही वादळी हंगाम संपल्या-संपल्या, भरतीला पोचता. मग ‘वाळू कुठे गेली?’ म्हणून यजमानांशी वाद. गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची उपग्रह चित्रं बघता येतात. वेगवेगळ्या महिन्यांची चार-पाच बघितली की अंदाज येतो.

मधलीसुट्टी

चांगला धागा. एक शंका: अंदाजात लाटेची उंची ०.८ मीटर दिसतेय. बाकात आत तर आणखी कमी होणार. लहान मुलांना घेऊन जायला हरकत नसावी ना?

शिडाचीहोडी

उंचीच्या शेजारी दुसरा आकडा असतो, सेकंदांचा. तो पाहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. दोन लाटांच्या माथ्यांमधला तो वेळ, म्हणजे आवर्तनकाळ.

०.८ मीटर आणि ५-६ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली चुटपुटती लाट. ०.८ मीटर आणि १४ सेकंद म्हणजे दूरच्या वादळातून निघून आलेली लांब लाट. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायला सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. ६ सेकंदांची लाट साधारण ५६ मीटर लांब, १४ सेकंदांची साधारण ३०६ मीटर. लाटेला तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर तळ जाणवू लागतो, म्हणजे पहिलीला २८ मीटरवर आणि दुसरीला १५३ मीटरवर. तळ जाणवला की ती वळते. म्हणून लांब लाट भूशिराला वळसा घालून बाकात शिरते. आखूड लाट बाहेरून निघून जाते. आडोसा आखूड लाटेला जितका लागू पडतो तितका लांब लाटेला पडत नाही, आणि लांब लाट उथळ पाण्यात आल्यावर उंचीनेही जास्त वाढते.

शिवाय तो ०.८ हा आकडा म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. मोजलेल्या लाटांतल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी. अधूनमधून एखादी त्याच्या जवळजवळ दुप्पट येते. लांब लाटा घोळक्याने येतात: पाच-सात मोठ्या, मग कितीतरी मिनिटं जवळपास काही नाही. त्या मधल्या शांततेत पोचलेल्याला समुद्र तळ्यासारखा वाटतो. म्हणून आल्या-आल्या पाण्यात उतरू नका. पंधरा-वीस मिनिटं काठावर बसा, एक घोळका येऊन जाऊ द्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ५-६ सेकंद असेल आणि वारा खिडकीतून येत नसेल तर गुडघाभर पाण्यात, हाताच्या अंतरावर मूल ठेवून हरकत नाही. १२ सेकंदांच्या पुढे असेल तर मुलं वाळूवर, पाण्यात नाही.

मधलीसुट्टी

आभार. सेकंदांच्या आकड्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

उधाणवेळ

भरती-ओहोटीवर मी लिहितो, कारण आडोशाच्या पुळणीवर लाटेपेक्षा जास्त फजिती यानेच होते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा. सगळीकडे असं नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत दिवसाला एकच भरती येते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी फारसं हलतच नाही. उलट कॅनडातल्या फंडीच्या आखातात फरक १६ मीटरच्या आसपास जातो. तेव्हा गावाच्या जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा, समुद्राचा सर्वसाधारण अंदाज नको.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण: भरती सर्वांत वर, ओहोटी सर्वांत खाली. अष्टमीच्या पुढेमागे भांग: दोन्हींतला फरक कमी. लहान मुलांसोबत किंवा पहिल्यांदाच जायचं तर भांगाचे दिवस बरे. पाणी कमी सरकतं, प्रवाह मंद असतात. दूरवर उघडा पडणारा कातळ, त्यातली डबकी आणि पलीकडची पुळण बघायची असेल तर उधाणाची ओहोटी लागते.

फारसं कोणी सांगत नाही ती गोष्ट: एका ठिकाणी उधाणाची भरती घड्याळात नेहमी साधारण त्याच वेळी येते. म्हणजे एखाद्या गावी उधाणाची मोठी ओहोटी कायम सकाळ-संध्याकाळच पडते, तर दुसऱ्या गावी कायम भर दुपारी आणि मध्यरात्री. महिना बदलून फरक पडत नाही. गाव निवडतानाच हे बघून ठेवा.

पाणी एकाच वेगाने चढत नाही. सहा तासांचे सहा भाग धरले तर एकूण चढाचे बारावे हिस्से असे पडतात: १, २, ३, ३, २, १. पहिल्या तासात काहीच होत नाही असं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी चढून जातं. एकूण चढ ४ मीटर असेल तर पहिल्या तासात सुमारे ३३ सेंटिमीटर, तिसऱ्या तासात अख्खा १ मीटर. पुळणीचा उतार ४० ला १ असेल तर त्या एका तासात पाण्याची कड ४० मीटर आत येते. चटई, चपला, बॅगा यांची वाताहत याच तासात होते.

जुनापंचांगी

तक्ता कशाला हवा? तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. कॅलेंडर भिंतीवर असतंच.

उधाणवेळ

पंचांगीकाका, गुणाकार बरोबर आहे, पण तो जिथे अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास येते तिथलाच. तिथी बदलली की भरती ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, म्हणून पाऊण तास. हा सरकण्याचा भाग बहुतेक सगळीकडे चालतो. सुरुवातीची वेळ मात्र प्रत्येक बंदराची वेगळी, ती किनाऱ्याच्या आणि तळाच्या आकारावर ठरते. परक्या किनाऱ्यावर हा हिशोब थेट लावला तर भरतीच्या जागी ओहोटीही मिळू शकते. गावातल्या कोळ्याला ‘पुनवेला भरती किती वाजता?’ एवढं विचारा. मग पाऊणचा हिशोब तिथून सुरू करा. आणि पाणी किती चढणार हे तिथी सांगत नाही, त्याला तक्ता लागतोच.

तक्ता वाचतानाची दोन पथ्यं. वेळ कोणत्या प्रमाणवेळेत आहे ते बघा. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं आणि छापील तक्त्यात तो तास धरलेला नसतो. दुसरं, तक्ता फक्त चंद्र-सूर्याचा हिशोब सांगतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. वारा किनाऱ्याकडे रेटत असेल तर आणखी. पावसाळी, कमी दाबाच्या दिवशी तक्त्यापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर जास्त पाणी येणं काही नवलाचं नाही.

आडवाट_७

भूशिराला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर जायचं असेल तर किती वेळ मिळतो हे कसं काढायचं? सगळे ‘ओहोटीला जा’ एवढंच सांगतात.

उधाणवेळ

उदाहरणच घेऊ. ओहोटी दुपारी १:०० ला, पाणी ०.४ मीटरवर. भरती ७:१० ला, ४.४ मीटरवर. चढ ४ मीटर.

आधी भूशिराचा कोपरा कोणत्या पातळीला बुडतो ते हवं. तो आकडा कुणी देत नाही, काढावा लागतो. आदल्या दिवशी उतरत्या पाण्यात कोपऱ्याजवळ उभं राहायचं आणि वाट कोरडी झाली ती वेळ टिपायची. मग तक्ता आणि बाराव्या हिश्शांचा हिशोब वापरून त्या वेळेची पातळी काढायची. समजा १.६ मीटर आली.

आता दुसऱ्या दिवसाचा हिशोब. १:०० ला ०.४. दोन वाजता ०.७३. तीनला १.४. म्हणजे १.६ ला पाणी पोचणार साधारण ३:१० ला. यातून लाट वजा करा. गुडघाभर लाट असेल तर कोपरा २:४० च्या सुमारासच धड राहत नाही. शिवाय कातळावरून, शेवाळावरून चालायचा वेग निम्म्यावर येतो. एवढं धरून पलीकडची पुळण दोनला सोडायची. जाताना पाणी उतरत असतानाच निघायचं, या उदाहरणात साडेअकराच्या सुमारास. ओहोटीच्या क्षणी निघालात तर हातातला निम्मा वेळ आधीच गेलेला असतो.

कोपरा बुडाला असेल तर पाण्यातून चालायचा प्रयत्न करू नका. लाट कातळावर आपटून परत फिरते ती जागा बाकातली सर्वांत वाईट. त्याऐवजी काल भरतीने आणून टाकलेल्या शेवाळ-काटक्यांची रेघ शोधा आणि तिच्या बरंच वर जाऊन बसा. मागे कडा असेल आणि अशी रेघच दिसत नसेल, तर त्याचा अर्थ पाणी कड्यापर्यंत येतं. तिथे उशीर झालेला चालत नाही, ताबडतोब मदत मागवा. मोबाइलवर ११२ बहुतेक देशांत चालतो. नेटवर्क मात्र कड्याखाली नसतं, हे निघण्याआधीच तपासायचं.

खारट

कड्याच्या पायथ्याशी सावली मिळते म्हणून बसतात, तेही टाळा. खाली ताज्या रंगाचे, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर ते नुकतेच वरून आलेत. जुने दगड गोटाळलेले आणि काळपट असतात.

लाटालाटा

समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहावर (रिप करंट) अजून कोणी लिहिलं नाही. ‘बाकात रिप करंट नसतो’ हा समज चुकीचा आहे. लाटा किनाऱ्यावर पाणी लोटतात, त्याला परत जायला वाट लागते. मोकळ्या किनाऱ्यावर ती वाट वाळूच्या दांड्यातल्या फटीतून जाते आणि जागा बदलते. बाकात ती भूशिराच्या किंवा धक्क्याच्या कडेने जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच असते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तोच भाग सर्वांत शांत दिसतो आणि लोक नेमके तिथेच उतरतात.

ओळखायचं असं: दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्येच गडद, न फुटणारा पट्टा. त्या पट्ट्यात फेस, काड्या, गढूळ वाळू समुद्राकडे सरकताना दिसते. उंचावरून चटकन दिसतो, पाण्याच्या पातळीवरून नाही. म्हणून पाण्यात जाण्याआधी मागच्या टेकाडावर चढून पाच मिनिटं बघा. वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण जोरात असला तर २ मीटरच्या वर जातो. इतक्या वेगाविरुद्ध कसलेला पोहणाराही टिकत नाही.

सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहा.

शिडाचीहोडी

शेवटच्या ओळीवर थोडा मतभेद. मोकळ्या किनाऱ्यावर समांतर पोहणं बरोबर. भूशिराच्या कडेच्या प्रवाहात एका बाजूला कातळ असतो. घाबरून चुकीच्या बाजूला पोहलात तर लाट उचलून कातळावर टाकते. शिवाय मोजमापांत असं दिसलंय की बरेच प्रवाह गोल फिरून परत उथळ पाण्यात येतात. त्यामुळे पहिलं काम पाठीवर तरंगणं, श्वास सांभाळणं आणि एक हात वर करून मदत मागणं. मग कोणत्या बाजूला लाटा फुटताहेत ते बघून तिकडे, तिरपं, सावकाश. लाटा फुटतात तिथे पाणी उथळ असतं आणि लाट तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलते.

लाटालाटा

मान्य. आधी तरंगणं हेच पहिलं. बाहेरच्याने मदतीला उडी टाकू नये, हेही जोडतो. रिकामा झाकणबंद प्लॅस्टिकचा कॅन, दोरी, फळी, जे तरंगेल ते फेकावं.

शिडाचीहोडी

आता वाऱ्याचा उलटा धोका. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला की आडोशाची पुळण आरशासारखी दिसते. घरं, झाडं, टेकडी वारा अडवतात, काठावर झुळूकही लागत नाही. काठापासून शंभर-दोनशे मीटर पुढे गेलं की आडोसा संपतो आणि पूर्ण वारा लागतो. हवा भरलेली गादी, ट्यूब, खेळण्यातली होडी हलकी असते आणि बरीचशी पाण्याच्या वर असते, म्हणून वारा ती सहज ओढून नेतो. माणूस तिच्यामागे पोहत जातो. दोघंही परत येत नाहीत, अशा घटना नेमक्या ‘शांत’ दिवशीच होतात. गादी गेली तर जाऊ द्यावी.

दूरच्या पाण्यावर नजर ठेवा. तुरळक पांढरे तुरे (लाटांच्या माथ्यावरचा फेस) दिसले की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. सगळीकडे तुरे उठले की २० च्या पुढे. काठ शांत आणि बाहेर पांढरे तुरे, असं दिसलं की तरंगणारी खेळणी पिशवीत.

दिवसाचा क्रमही लक्षात ठेवा. स्वच्छ हवेत जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून सकाळी उशिरापासून समुद्राकडून वारा सुटतो, दुपारी सर्वांत जोरात असतो आणि संध्याकाळी पडतो. पहाटे उलटा, जमिनीकडून मंद. पोहायला सकाळ बरी, ती यामुळे.

सोनचाफा

झेंड्यांचा अर्थ लिहून ठेवते, जिथे जीवरक्षक असतात तिथे उपयोगी. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे: त्यांच्या मधल्या पट्ट्यात देखरेख आहे, तिथेच पोहा. नुसता पिवळा: सावध. लाल: धोका मोठा. दोन लाल: पाणी बंद. जांभळा: जेलीफिश वगैरे त्रासदायक जीव आहेत. नारिंगी वातदर्शक पिशवी: हवा भरलेल्या वस्तू पाण्यात नकोत. लहान गावात बहुधा यातलं काहीच नसतं. झेंडा नाही म्हणजे धोका नाही असं समजू नये, बघणारं कोणी नाही एवढाच त्याचा अर्थ.

आडवाट_७

बाकातलं पाणी स्वच्छ असतं का? जीव-जंतूंचं काय?

सोनचाफा

बंदिस्त बाकाचा हा तोटाच आहे. बाहेरच्या समुद्राशी पाण्याची अदलाबदल हळू होते. ओढा, गटार किंवा खाडी त्यात उतरत असेल तर मोठ्या पावसानंतर दोन दिवस तरी डोकं पाण्याखाली घालू नका, जखम असेल तर पाण्यातच जाऊ नका. शेवाळाचे ढीगही बाकाच्या कोपऱ्यातच साचतात आणि कुजले की वास मारतात. तो वास म्हणजे सांडपाणीच असं नाही.

वाळूत लपणारे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) उथळ, कोमट, निवांत पाण्यातच असतात. पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चाला, धक्का लागला की ते पळतात. अंगावर पाय पडला तरच काटा मारतात. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, पाय ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखावलेल्या पायाने घ्यायचा, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. काटा खोल असेल किंवा छाती-पोटात लागला असेल तर स्वतः उपटू नका, दवाखाना.

जेलीफिशला सरसकट एक उपाय नाही. वाळू चोळणं आणि गोडं पाणी ओतणं दोन्ही वाईट, न फुटलेल्या नांगीपेशी त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, मग गरम पाणी. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशला योग्य, पण निळ्या फुग्यासारख्या दिसणाऱ्या ब्लूबॉटलला सहसा नको म्हणतात. म्हणून गावात आधी विचारा, इथे कोणती येते.

पायवाट (धागाकर्ता)

पाण्याचं बरंच झालं. आता गावाबद्दल.

होड्या ओढायचा उतार रिकामा दिसतो, म्हणून तिथे गाडी लावली जाते. तो रिकामा असतो कारण होड्या समुद्रात आहेत, आणि त्या भरतीच्या ठरावीक तासातच परत येऊ शकतात. तो तास चुकला तर माल उतरायला पुढची भरती. नांगराचे दोर वाळूत अर्धे गाडलेले असतात. ते सोडू नयेत, त्यावर गाडी घालू नये. वाळत घातलेल्या जाळ्यावरून चालणं म्हणजे कुणाच्या तरी हत्यारावर पाय देणं.

रस्ता बहुधा एकच, शेवटी समुद्र. गाडी वळवायची जागा आधी नकाशात बघा, मोठी गाडी असेल तर गावाबाहेर ठेवून चालत जा. इंधन, रोख पैसे, नेहमीची औषधं आधीच्या मोठ्या गावातून. पिण्याचं पाणी बऱ्याचदा विहिरीचं असतं, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की खालून खारं पाणी वर येतं. पाहुण्यांच्या लांबलचक आंघोळी तिथे खरोखर महाग पडतात.

राहायची जागा ठरवताना ‘समुद्रापासून किती मीटर’ एवढंच विचारून भागत नाही. विचारा: भरतीला पुळणीवर कोरडी वाळू उरते का? खाली उतरायला पायऱ्या किती, आणि ती वाट भरतीला चालू राहते का? खोलीच्या खिडक्या कोणत्या दिशेला?

सोनचाफा

कासवांच्या हंगामात आणखी एक. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालतात, जे निसर्गात समुद्राकडे असतं. व्हरांड्यातला पांढरा दिवा, मोबाइलचा टॉर्च, शेकोटी यांनी ती गावाकडे वळतात. समुद्राकडचे दिवे बंद ठेवा, फ्लॅश नको. मुलांनी वाळूत खणलेले खड्डे निघताना बुजवा, पिल्लं त्यात अडकतात. मुलांसाठीही हे खड्डे धोक्याचे. सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खणू देऊ नका, वाळूची भिंत क्षणात ढासळते.

खारट

गाडी पुळणीवर नेऊच नये. तरी रुतलीच तर ऍक्सिलरेटर दाबू नका, चाक स्वतःचा खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. सगळे उतरा, चाकांच्या पुढची-मागची वाळू काढा, टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली फळ्या किंवा पायपुसणी घाला, स्टिअरिंग सरळ ठेवून सावकाश आल्या वाटेने मागे घ्या. पाण्याच्या कडेची ओली वाळू कठीण वाटते, पण भरती तिथेच आधी येते. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेगाने चालवू नका, आणि खालचा भाग त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

छत्रीचा दांडा निदान ६० सेंटिमीटर आत जायला हवा. ठोकून जात नाही. पुढे-मागे डोलवत उतरवायचा, छत्री वाऱ्याकडे कलती करायची, बुडाशी ओली वाळू दाबायची. वारा वाढला की मिटून आडवी.

मधलीसुट्टी

ऊन? छत्री असली की पुरे ना?

सोनचाफा

पुरत नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परतवते, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. ती छत्रीखालीही येतात. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही पृष्ठभागाच्या ४० टक्के उरतात. सनस्क्रीन मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला सात चमचे, म्हणजे साधारण ३५ मिलिलिटर लागतं. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत. दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून आल्यावर लगेच. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन कडक समजा.

आडवाट_७

खाडीचं मुख ओलांडून पलीकडच्या पुळणीवर जायचं असेल तर भूशिराचाच हिशोब लावायचा का?

उधाणवेळ

नाही, तिथे दोन फरक आहेत. खाडीत साठलेलं पाणी मुखातूनच बाहेर पडतं, म्हणून ओहोटीच्या मधल्या दोन तासांत गुडघाभर पाण्यातही पाय टिकत नाहीत. पाणी सर्वांत खाली जाऊन ठरतं तेव्हाच ओलांडा. खाडी लांब असेल तर समुद्र चढू लागला तरी आतलं पाणी काही वेळ बाहेर येतच राहतं, म्हणजे पाणी ठरण्याची वेळ तक्त्यातल्या ओहोटीच्या नंतर येते. तरंगती काडी बघा, ती थांबली की पाणी ठरलं. दुसरं, चढतं पाणी आधी मधल्या खोलगट वाटांतून शिरतं. तुम्ही उंच दांड्यावर असता आणि तुमच्या मागची वाट भरून गेलेली असते.

गाळात पाय रुतला तर उभ्या उभ्या खेचू नका, दुसरा जास्त रुततो. पाठीकडे झुकून बसा, वजन पसरवा, पाय गोल हलवत आजूबाजूला पाणी शिरू द्या, एकेक करून काढा, आणि लोळत आल्या वाटेने मागे या.

पावसाळी दिवस असेल तर मुख ओलांडूच नका, वरून येणारं पाणी तक्त्यात नसतं.